शिक्का यायचा होता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, थोरल्या अक्काला तर नाहीच. दोनदा सांगायला म्हणून तोंड उघडलं होतं – दोन्ही वेळा चहा मागितला आणि विषय बदलला. तुम्हाला का सांगतोय मग? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल. ओळखीच्या माणसाच्या तोंडाकडं बघून हे निघत नाही.

मी सरकारी कारकून. जन्मभर कारकूनच. आधी भोकरला नऊ वर्षं काढली, मग नवा जिल्हा झाला तेव्हा अर्ज-विनंत्या करून तिकडं बदली घेतली, कारण माझं गाव औशाकडचं, तेरणेच्या काठावरचं. कचेरी कोणत्या गावात होती ते गाळतो. जिल्हा नवा म्हणजे सगळंच नवं – म्हणजे काहीच नाही. कापसाच्या एका जुन्या जिनिंगचं भाड्याचं गोदाम हीच आमची कचेरी. माणसं चौदा, खुर्च्या नऊ. जुन्या जिल्ह्यातनं ट्रक भरून दप्तर यायचं, लाल फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यांचं, आणि आम्ही ते भिंतीला लावून त्यावरच बसायचो. वर दुष्काळाचं दुसरं वर्ष. साहेबसुद्धा तांब्याभर पाण्यात आंघोळ उरकून यायचे, आम्हा लोकांचं तर विचारूच नका.

त्यात लष्कराचं काम आलं. नदीपलीकडं मोठा माळ आहे, तिथं जवानांना गोळीबाराच्या सरावासाठी जागा पाहिजे होती. त्यांच्या अवजड गाड्या जायच्या म्हणून नदीवर पूल. दिल्लीहून मंजुरी आली ती दोन्हीची एकत्रच – जमीन घ्या, पूल बांधा, आणि पूल लोकांनाही वापरायला मोकळा ठेवा. आमच्या गावात साखर वाटली हो लोकांनी! वाटणारच की. माझा बाप गेला तेव्हा नदीला पूर होता. अक्का पलीकडच्या गावात दिलेली. निरोप कसाबसा पोचला, पण ती पोचली नाही. दोन दिवस पलीकडच्या काठावर बसून रडली म्हणे. बापाच्या मातीला लेक नाही. मग पूल नको म्हणणारा माणूस मला कसा वाटेल, सांगा बरं?

बघा – सुरुवातच कशी केली मी! पूल आणून मध्ये उभा केला. अक्काचं रडणं आणलं. म्हणजे तुम्हाला वाटावं, बिचाऱ्यानं जे काही केलं ते पुलासाठी केलं. पुष्कळ वर्षं मीच मला असं समजावत आलो. पण नाही. पुलासाठी केलेलं नाही ते.

पलीकडं माळाच्या कडेला एक वाडी होती, चाळीसेक उंबऱ्यांची. तिचं खरं नाव सांगत नाही, चिंचवाडी म्हणू. वाडीत मन्मथआप्पा म्हणून एक वयस्क शेतकरी. अंगानं वाळका, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी. लष्कराच्या जमिनीत त्याचं रान जात होतं, आणि त्या रानात विहीर होती. विहीर त्याची, पण पीत होती सगळी वाडी. त्या दोन वर्षांत आसपासच्या सगळ्या विहिरी तळाला गेल्या, ही तेवढी गेली नव्हती.

जमिनीची नोटीस लागली की हरकत घ्यायला तीस दिवस असतात. वाडीतली माणसं सगळी रोजगार हमीवर खडी फोडायला गेलेली, म्हणून सगळ्यांच्या वतीनं एकटा आप्पा आला. कोरडी नदी तुडवत, चालत. अर्ज त्यानं स्वतःच्या हातानं लिहिला होता, मोठ्या गोल अक्षरात. आणि हरकत तरी कसली? जमीन घ्या, ना नाही, देशाचं काम आहे. पूलही बांधा. फक्त तारेचं कुंपण विहिरीच्या पलीकडून घाला, विहीर बाहेर राहू द्या. चाळीस पावलांचा प्रश्न होता, बस. माणूस आपलं सगळं रान देऊन चाळीस पावलं मागत होता, आणि तीही स्वतःसाठी नाही.

अर्ज माझ्या हातात आला, कारण आवक बघणारा त्या आठवड्यात रजेवर होता. आता इथं एक गंमत ऐका – गंमतच म्हणायची. आमच्या कचेरीला शिक्का नव्हता. जुन्या जिल्ह्याचा शिक्का वापरायला बंदी झालेली आणि नव्याचा छापखान्यातनं यायचा होता. शिक्क्याशिवाय आवक नोंदवायची नाही, असा साहेबांचा हुकूम. मग येईल तो कागद एका पत्र्याच्या ट्रेमध्ये टाकायचा, शिक्का आला की तारीख घालून एकदम सगळे नोंदवायचे. आप्पानं पोच मागितली. शहाणा माणूस, त्याला माहीत होतं पोच घ्यावी लागते. मी म्हणालो, शिक्का आला की देतो, तुमचं काम कुठं जातंय? तो बरं म्हणाला.

आणि मी तो अर्ज ट्रेमध्ये टाकला नाही. टेबलाच्या खणात ठेवला. का? – तर वाचून मला पटला होता. म्हटलं हा गठ्ठ्यात हरवायला नको, साहेबांच्या हातात नेऊन द्यावा, दोन शब्द बोलावेत. म्हणजे चांगल्या मनानं ठेवला होता. हे सांगायला नको होतं खरं तर, पण झालं तसं झालं.

शिक्का आला. आम्ही तिघांनी बसून ट्रे रिकामा केला, बोटं शाईनं जांभळी झाली. खण कुणी उघडला नाही. पुढं मी चार दिवस भोकरला गेलो, राहिलेलं सामान आणायला. आलो तर मुदत संपलेली आणि साहेब माझीच वाट बघत बसलेले. प्रस्ताव मुंबईला जायचा होता, जीप दारात उभी, शिपाई पिशवी घेऊन तयार. फक्त एक दाखला लिहायचा राहिला होता – मुदतीत एकही हरकत प्राप्त झालेली नाही, असा. तो मी लिहिला. साहेबांनी उभ्याउभ्याच सही केली.

विसरलो होतो का मी? लोक विचारतील तर हेच सांगायचं, असं ठरवून ठेवलं होतं. विसरलो. माणूस विसरतो.

नव्हतो विसरलो. 'एकही' हा शब्द लिहिताना हात थांबला होता. खण माझ्या गुडघ्याला लागून होता, तो उघडायला किती वेळ लागतो? पण उघडला असता तर जीप थांबली असती, सुनावणी लावावी लागली असती, आणि सगळ्या कचेरीसमोर साहेबांनी विचारलं असतं, इतके दिवस कागद खणात काय करत होता? त्या प्रश्नाला मी भ्यालो. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर पाठीवर थाप मारली – नव्या जिल्ह्याचा पहिला बिनहरकत प्रस्ताव म्हणे! मग कसं सांगता? निदान मला तरी जमलं नाही.

इथवरची चूक एका भित्र्या कारकुनाची आहे. अशा चुका कचेऱ्यांत रोज होतात, तुम्हालाही माहीत आहे. पुढचं ऐका.

आप्पा आला. आमच्या अर्जाचं काय झालं म्हणून. मी म्हणालो, "वर गेलाय, आप्पा." किती सहज म्हणालो! वर म्हणजे कुठं ते त्यानं विचारलं नाही. वर गेलाय म्हटल्यावर त्याचा चेहरा असा फुलला, की विहीर त्याला परत मिळाली जणू. महिन्यानं परत आला. मी म्हणालो, वर चालू आहे. तिसऱ्या खेपेला तर येताना त्यानं माझ्यासाठी बाटलीत पाणी आणलं होतं. "आमच्या हिरीचं हाय साहेब, पिऊन बगा. लई गोड." त्या दुष्काळात, सात-आठ कोरडे मैल पायाखाली घालून, माणसानं मला पाणी आणून द्यावं! आणि मी ते पिलं. उभ्यानं, घटाघटा. गोड होतं.

तुम्हाला वाटेल, खोटं बोलून काय मोठं बिघडलं, दाखला तर आधीच गेला होता. बिघडलं ते तिथंच. ताबा घ्यायला अजून अडीच महिने होते. वाडीतली चार माणसं लातूरच्या एका वकिलाकडं जायला निघाली होती, हे मला पुढं कळलं. आप्पानंच त्यांना थांबवलं. कशाला वकील? अर्ज वर गेलाय, कचेरीतले साहेब आपले माणूस हायत. मी एक खरा शब्द बोललो असतो – आप्पा, कागद वर गेला नाही, धावपळ करा – तर अडीच महिन्यांत काही ना काही झालं असतं. नसतंही झालं. पण त्यांची धावपळ मी घरी बसवली.

आणि अर्जाचं काय केलं? आमच्याकडं कागदांचे सहा गठ्ठे असतात. चालू कामाचे वेगळे, जपून ठेवायचे वेगळे, आणि सहावा गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचा. त्यात रजेचे अर्ज, लग्नाच्या पत्रिका, जुन्या सभांची बोलावणी असलं सगळं. वर्षभरानं यादी करून ते जाळायचं. आप्पाचा अर्ज मी सहाव्यात सरकवला. फाडला नाही बरं का – फाडायची हिंमत नव्हती. रीतसर जाळला जाईल अशी सोय केली. यादीवर सहीही माझीच आहे.

कुंपण आलं. लोखंडी खांब, चार पदरी काटेरी तार, आणि विहीर आत. त्या दिवशी वाडीची पाच माणसं आप्पाला पुढं घालून कचेरीत आली. साहेब भला माणूस, त्यानं सगळ्यांना बसवून घेतलं आणि मला आवकचं रजिस्टर आणायला सांगितलं. मी आणलं. त्या महिन्याची पानं काढली. ओळीवरनं बोट फिरवत खाली आलो, एकदा नाही, दोनदा फिरवलं – साहेबांना माझा प्रामाणिकपणा दिसावा म्हणून. काय नाटक! मग म्हणालो, नोंद नाही, साहेब.

आप्पा माझ्याकडं बघत होता. चिडला नाही तो, हे मला अजून समजत नाही. त्याला वाटलं असेल मी दुसऱ्या पानावर बघतोय, आता सापडेल. साहेबांनी विचारलं, पोच आहे का? पोच कुठनं असणार! तेव्हा त्यानं छातीवरची लिंगाची पेटी मुठीत धरली आणि म्हणाला, "माझ्या ह्या हातानं ह्यांच्या हातात दिलाय." एवढंच. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी रजिस्टरात बघितलं. साहेब म्हणाले की कागदाशिवाय त्यांचे हात बांधलेले आहेत. वाडीची माणसं उठली. जाताना त्यातल्या एकानं आप्पाकडं जसं बघितलं ना, ते मी पाहिलं.

पुढं लष्कराचा एक अधिकारी नकाशे न्यायला आला होता. चहा पिता पिता त्यानं विहिरीचा विषय स्वतःहून काढला. हिंदीत म्हणाला, आधी कुणी सांगितलं असतं तर आम्ही तार चाळीस पावलं मागं घेतली असती, त्यात काय? आता खांब रोवले, नकाशा पक्का झाला, आता वरून बदल होत नाही. त्याची बशी मीच उचलली.

बायका नदीच्या वाळूत झिरे खणून वाटीनं पाणी भरायला लागल्या. टँकर यायचा, कधी नाही यायचा. आणि तेवढ्यात अजून एक झालं. जमिनी गेलेल्यांच्या घरातल्या एकेकाला कामावर घ्यायचं लष्करानं कबूल केलं होतं, त्यात पहिला नंबर लागला आप्पाच्या मुलाचा, नागनाथचा. फाटकावर चौकीदार. यादीत त्याचं नाव पहिलं होतं, एवढंच कारण. पण वाडीला दुसरं कारण दिसलं. म्हाताऱ्यानं पोराच्या नोकरीसाठी अर्ज दिलाच नाही, आपल्याला भुलवत ठेवलं, वकिलाकडंही जाऊ दिलं नाही! काय चुकलं त्यांचं? मीही त्यांच्या जागी असतो तर तेच म्हणालो असतो. सगळं अगदी बरोबर जुळत होतं.

आप्पाला कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. मठात त्याच्या शेजारी कुणी बसेना. लग्नाकार्याचं बोलावणं येईना. ज्या माणसाच्या शब्दावर वाडी उठायची-बसायची, तो दारातनं हाक मारायचा आणि लोक ऐकू न आल्यासारखे पुढं जायचे. हे मला अक्कानं सांगितलं, अगदी सहज, इकडच्या-तिकडच्या बातम्या सांगताना. म्हणाली, वाटत नव्हता हो तो म्हातारा असा. मी म्हणालो, माणसाचं काही सांगता येत नाही. हो – म्हणालो मी असं. स्वतःच्या तोंडानं.

पूल झाला. चांगला झाला, आजही उभा आहे. पहिल्याच आठवड्यात अक्का पायी चालत माहेरी आली, पुलाच्या मध्यावर थांबून नदीला हळदकुंकू वाहिलं, आणि आईच्या गळ्यात पडून बापाच्या नावानं मोकळी रडली. गावानं नारळ देऊन माझा सत्कार केला. आपला माणूस कचेरीत होता म्हणून काम झालं म्हणे. मला आनंद झाला हो, खोटं कशाला बोलू? आनंदच झाला.

आप्पा गेल्याचं मला कागदावरनं कळलं. वारसाची नोंद करा म्हणून नागनाथचा अर्ज माझ्याच टेबलावर आला. नीट आवक पडलेला, तारीख घातलेला. मी त्याच दिवशी काम करून टाकलं. इतकं तत्पर काम मी नोकरीत दुसरं केलं नसेल. मातीला मोजून सात माणसं होती, असं मागाहून ऐकलं.

आता राहिलं ते सांगतो. त्याच्यासाठीच हा एवढा फेरा मारला.

निवृत्त होऊन मी नांदेडला मुलाकडं राहायला गेलो होतो. एकदा अक्काला भेटायला म्हणून आलो, एसटी पुलापलीकडं लष्कराच्या फाटकाजवळ थांबते, तिथं उतरलो. भर दुपार. फाटकावर खाकीतला एक माणूस होता, केस पिकलेले. त्यानं मला ओळखलं, मी त्याला नाही. जवळ येऊन म्हणाला, मी मन्मथआप्पाचा नागनाथ. सावलीत बसा म्हणाला, पाणी दिलं. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला. बोलावं की नाही, असं त्याचं चाललं होतं.

त्यानं जे विचारलं ते मी त्याच्याच शब्दांत सांगतो, कारण मला ते पाठ आहे. "साहेब, आता तुमी बी नोकरीत न्हाई, आप्पा बी न्हाई. एकदा खरं सांगा. आप्पानं अर्ज दिलता का? मरताना बी म्हणाले, दिलाय. मी न्हाई इस्वास ठेवला. मला वाटतंय माझ्या ह्या नोकरीपायी त्यांनी वाडीचं पाणी घालवलं. हा गणवेश अंगाला टोचतो बगा."

आता बघा. कुणी साहेब नव्हता. जीप नव्हती. नोकरी जायची भीती नाही, पेन्शनला कुणी हात लावणार नाही, कागद जळून किती वर्षं झाली. आम्ही दोघंच होतो. एक शब्द पाहिजे होता – दिला होता. त्या शब्दानं त्याला त्याचा बाप परत मिळाला असता. माझं काय गेलं असतं? त्यानं शिवी दिली असती, फार तर दोन थोबाडीत मारल्या असत्या.

मी म्हणालो, "रजिस्टरला नोंद नव्हती, नागनाथ."

त्यानं मान हलवली दोन-तीनदा. मग डोळे पुसले आणि म्हणाला, म्हणजे आप्पाच खोटं बोलले. एवढी वर्षं मी मनातनं तुमच्यावर संशय धरून होतो साहेब, वाटायचं तुमीच अर्ज दाबला. लई पाप केलं मी. माफ करा.

असं म्हणून तो वाकला आणि माझ्या पाया पडला. मी पाय मागं घेतले नाहीत. त्याच्या डोक्यावर हात ठेवला, असू दे म्हणालो, आणि अक्काच्या गावाची वाट धरली.